रिकाम्या दलदलीवर बारा खुणा

अडतीस वर्षांत माझी हिल्लाची जागा कुणालाही सापडलेली नाही! शेजारणीला नाही, नणंदेला नाही, आमच्या कुत्र्याला नाही. लग्नाच्या दिवशी देवळात ज्याच्याशेजारी डोक्यावर मुकुट धरून उभी राहिले, त्या माझ्या नवऱ्यालाही नाही. आणि हे सगळं एकही खोटा शब्द न बोलता, बरं का! खोटं बोलायचं नाही हे माझं व्रत आहे. बुधवार-शुक्रवारचे उपास, सकाळी प्रतिमांपुढचा दिवा आणि हे. तिन्ही कधी चुकलेली नाहीत.

आता हिल्ला म्हणजे काय, ते आमच्या हुह्कावारा गावात कुणाला सांगावं लागत नाही. दलदलीतलं नारिंगी फळ, बोराएवढं, एका रोपाला एकच, आणि आतून बियांनी गच्च. आमच्या गावचा माणूस तुम्हाला बायकोचं खरं वय सांगेल, पण हिल्ला कुठून आणल्या ते सांगणार नाही. बाप मुलाला सांगत नाही. मरतानाच सांगतो, तेही डॉक्टरांनी दोनदा खात्री दिल्यावर!

मग मी काय करते? कुणी विचारलं, "इरिन्या, यंदा कुठं मिळाल्या गं इतक्या?" की मी हळूच म्हणते, "देवाची कृपा." हे खोटं आहे का? नाही. यातून काही कळतं का? तेही नाही! लोक म्हणतात, इरिन्या किती मृदू बोलते. अहो, ज्याच्यापाशी अशी जागा आहे, त्यानं ओरडून बोलावंच कशाला?

जागा आईकडून आली. गावाच्या पूर्वेला एक दलदल आहे. तिचं नावच 'रिकामी'. रस्त्यावरून बघाल तर नावाला जागते. पिवळं गवत, काळ्या पाण्याची डबकी आणि चिमणीएवढाले डास. पण मधोमध पाईनच्या झाडांचं एक बेट आहे, आणि त्या बेटाच्या मागे जुलैच्या शेवटी कुणी तरी पेटी उपडी करून सोनं सांडावं तसं दिसतं! तिकडे कुणी फिरकत नाही, कारण बेटामागे एक घोडा गाडीसकट बुडाला होता. तो घोडा माझ्या आईनंच बुडवला. म्हणजे तोंडानं. खोटं जे काही बोलायचं होतं ते आई बोलून गेली. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात माझा हात धरणारं अख्ख्या फिनलंडात कुणी नाही.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना माझी साखर वाढली!

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपाशीपोटी सहा पूर्णांक सात. उंबरठ्यावर आहात, इरिन्या. एक पाऊल पुढे टाकलंत की गोळ्या."

"मी तर आठवड्यातून दोन दिवस उपास करते," मी म्हटलं.

"बाकीचे पाच दिवस काय करता?"

मी गप्प बसले. बाकीचे पाच दिवस मी लोण्यात चिंब भिजवलेले पीराक्के, म्हणजे भात भरलेल्या चपट्या करंज्या, करते. आणि ते फेकून तर देववत नाहीत!

त्याच आठवड्यात विद्यापीठातून एरिका नावाची एक पोरगी गावात आली. पोरगी म्हणजे तीस-बत्तिशीची, पण हात इतके स्वच्छ की जन्मात बेरी तोडली नसावी. बघताक्षणीच मला संशय आला. तिला प्रयोगासाठी बारा माणसं हवी होती, पन्नाशीच्या पुढची आणि उंबरठ्यावरची. आमच्या गावात उंबरठ्यावर एवढी गर्दी होती की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. मी निवडले गेले, नवरा मीत्रेई निवडला गेला, शेजारची त्युने निवडली गेली आणि निवृत्त पोस्टमन अर्मासही. आणखी आठ जण होते, पण त्यांची नावं सांगत बसले तर सगळीच संशयित म्हणून लक्षात ठेवावी लागतील.

चर्चच्या सभागृहात एरिकानं समजावून सांगितलं. "हिल्लाच्या बिया, साल, यातला जो चोथा असतो तो तुम्हाला पचत नाही."

"मग खायचा कशाला?" अर्मास म्हणाला.

"तुमच्यासाठी नाही, काका. तुमच्या पोटातल्या जिवाणूंसाठी! चोथा खाली मोठ्या आतड्यात जातो, तिथं कोट्यवधी जिवाणू असतात, ते त्यावर जेवतात. जेवले की काही आम्लं तयार करतात. ती आतड्याच्या अस्तराला बरी, आणि साखरेलाही बरी असावीत असा आमचा अंदाज आहे. खरं काय ते तुम्ही खाल्ल्यावर कळेल."

म्हणजे माझ्या पोटात आयुष्यभर एक अन्नछत्र चाललंय आणि मालकिणीला पत्ता नाही! मी पोटावर हात ठेवला. कोण आहे आत? किती जण? कुणाला विचारून?

"बारा आठवडे," एरिका म्हणाली, "रोज दीडशे ग्रॅम हिल्ला. पहिले सहा आठवडे फ्रीझरमधल्या गेल्या वर्षीच्या, पुढचे सहा नव्या हंगामाच्या. साखर घालायची नाही. दर पंधरा दिवसांनी रक्त, कंबरेचं माप आणि..." इथं तिनं एक झाकणाची डबी वर धरली. त्या डबीत काय द्यायचं ते मी लिहिणार नाही. आज शुक्रवार आहे.

इथवर सगळं ठीक होतं. मग तिनं फॉर्म वाटले. फॉर्मच्या शेवटी आमच्या तालुक्याचा नकाशा आणि खाली एक ओळ: 'आपण हिल्ला जिथून तोडता त्या जागेवर खूण करा.'

सभागृहात अशी शांतता पसरली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा चपापलं!

"हे कशाला?" त्युनेनं विचारलं. तिचा आवाज साधा होता, पण डोळे साधे नव्हते.

"माती वेगळी असली की बेरीही थोड्या वेगळ्या होतात, मावशी. आम्हाला तुलना करायची आहे."

"कोण बघणार हे?"

"फक्त मी. नाव लिहायचं नाही, नुसता तुमचा क्रमांक."

"आणि रकाना रिकामा सोडला तर?" हे मी विचारलं, इतक्या हळू की एरिकाला वाकून ऐकावं लागलं.

"तर मग तुम्हाला प्रयोगात घेता येणार नाही."

बघा आता! जागा सांगावी तर अडतीस वर्षांची शिदोरी जाते. न सांगावी तर गोळ्या. आणि भलतीकडे खूण करावी तर व्रत मोडतं. आजूबाजूला अकरा माणसं शाळेतल्या परीक्षेसारखी कोपराआड कागद झाकून बसलेली. त्युनेनं तर कागदावर पर्स उभी केली होती! मी मनातल्या मनात तीनदा प्रार्थना म्हटली आणि टाचणीच्या टोकानं करावी तेवढी बारीक खूण केली. रिकामीवर, बेटाच्या मागे. डोळे मिटून कागद दिला. सात क्रमांक.

घरी येताना गाडीत मीत्रेईनं विचारलं, "तू कुठं खूण केलीस?"

"तू कुठं केलीस?"

"मी आधी विचारलं."

"मी नंतर विचारलं," मी म्हटलं. मग घर येईपर्यंत आम्ही हवामानावर बोललो.

मीत्रेईचा प्रश्न तसा वेगळाच होता. तो खातो माझ्याच फ्रीझरमधल्या हिल्ला, आणि त्या येतात कुठून हे त्याला ठाऊकच नाही. मग त्यानं खूण कुठं केली? हा काटा माझ्या मनात त्या दिवशी रुतला तो रुतलाच.

प्रयोग सुरू झाला. रोज सकाळी दिवा लावायचा, स्तोत्र म्हणायचं आणि काट्यावर दीडशे ग्रॅम मोजायच्या. बुधवारी-शुक्रवारी नुसत्या, एरवी दह्याबरोबर. पहिल्या आठवड्यात पोटातल्या मंडळींना अशी मेजवानी बहुधा ठाऊक नसावी. त्यांनी जल्लोष केला! रविवारी देवळात फादर मोठ्या भक्तिभावानं प्रार्थना म्हणत होते आणि माझ्या पोटानं 'आमेन' म्हटलं, तीन ओळी आधी! मी अर्मासकडे अशा नजरेनं बघितलं की सगळ्यांना वाटलं तोच होता. हे खोटं बोलणं झालं का? बोलले तर काहीच नव्हते.

तिकडे गावाला वेगळाच रोग लागला. जो तो दुसऱ्याच्या मागावर! त्युने आठवड्यातून तीनदा यीस्ट मागायला यायची आणि फ्रीझरपाशी घुटमळायची.

"बराच माल दिसतोय गं," ती म्हणायची.

"देवाची कृपा."

"देवाची कृपा आमच्या बाजूला कमीच पडते हो. कुठल्या दिशेनं येते म्हणायची?"

"वरून," मी म्हणायची. यीस्ट घेऊन ती जायची. घरी भट्टी काढली असती तरी इतकं यीस्ट लागलं नसतं.

सहा आठवडे झाले. जुलै संपत आला, दलदलीत हिल्ला पिकायला लागल्या आणि एरिकानं पुन्हा सगळ्यांना सभागृहात बोलावलं. कॉफी होती. गोड काही आणू नका असं तिनं बजावलं होतं, म्हणून त्युनेनं वेलदोड्याचे पाव फक्त दोनच ताटं आणले होते.

"निकाल फार छान आहेत!" एरिका म्हणाली. "विशेषतः क्रमांक सातचे. सहा पूर्णांक सातवरून सहा पूर्णांक दोन! आणि पोटातले जिवाणू तर काय सांगू! आधी चार-पाच घरांची वस्ती होती, आता बाजारपेठ भरली आहे. एका माणसावरून काही ठरत नाही, पण असंच पुढचे सहा आठवडे चाललं तर सात क्रमांकाला गोळ्यांची गरज पडणार नाही असं मला वाटतं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोण हा सात? मी पावाच्या ताटाकडे बघत राहिले. मनात मात्र दिव्याची वात सरळ झाली. गोळ्या नाहीत! आणखी सहा आठवडे, रोज दीडशे ग्रॅम. म्हणजे सव्वासहा किलोच्या वर, साडेसहा धरू. रिकामीत बेटामागे तेवढ्या सहज निघतात.

"पण खरं आश्चर्य पुढेच आहे," एरिका म्हणाली. "नावं नाहीत, त्यामुळे दाखवायला हरकत नाही." आणि तिनं भिंतीवर नकाशा दाखवला.

अख्ख्या तालुक्याच्या नकाशावर एकच ठिपका. एवढा मोठा, एवढा काळा, जणू गोमाशी येऊन बसली आहे.

"बाराही जण एकाच दलदलीतून तोडता! रिकामीतून! तुम्ही मला आधी सांगितलं का नाही? तिथल्या मातीत काही तरी खास असणार!"

कॉफीचे बारा कप जागच्या जागी थांबले.  मीत्रेईच्या हातातला पाव तेवढा कॉफीत पडला.

"तर आता नव्या हंगामाच्या बेरीही त्याच जागेच्या हव्यात," एरिका आनंदानं म्हणाली. "पुढच्या सोमवारी प्रत्येकानं अर्धा अर्धा किलो नमुना आणायचा. आणि ज्यांची जागा बदलेल, त्यांना मात्र मला प्रयोगातून वगळावं लागेल."

मी काय सांगू तुम्हाला! माझ्या पायाखालची फरशी दलदलीसारखी खाली गेली. अकरा माणसं! अकरा माणसांना माझी जागा माहीत होती! कधीपासून? मला एकेक गोष्ट आठवायला लागली. त्युनेनं दोन वर्षांपूर्वी नवे रबरी बूट घेतले होते. का? अर्मास पस्तीस वर्षं पत्रं वाटत सायकलवरून त्याच रस्त्यानं जायचा. पत्रंच वाटत होता ना? आणि मीत्रेई! हा माझ्या मागोमाग आला होता. कधी? कोणत्या वर्षी? गेली कित्येक वर्षं मी वाकून तोडत असताना हा झाडामागं उभा राहून हसत तर नव्हता?

घरी आल्यावर मी दार लावलं.

"मीत्रेई, तू तिथं खूण केलीस?"

"केली."

"का?"

"का म्हणजे? तू पण केलीस ना! बाराही जणांनी केली."

"तुला ती जागा कुणी सांगितली?"

"कोणती जागा?"

"ती!"

"ती म्हणजे कोणती?"

आता 'बेटामागची' म्हणावं तर मीच सांगितल्यासारखं! मी गप्प बसले. तो माझ्याकडे अशा काही नजरेनं बघायला लागला की जणू मीच आजवर त्याच्यापासून काही लपवलं आहे. म्हणजे लपवलं होतंच, पण त्याला तसं बघायचा काय अधिकार?

रात्रभर मी ठरवत होते. सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, साडेसहा किलो तोडायच्या, मग गाव येवो नाही तर अख्खं विद्यापीठ येवो. चार वाजता उठले. मीत्रेईचा बिछाना रिकामा! संशय खरा ठरला म्हणून वाईट वाटावं की बरं, हे ठरवायलाही वेळ नव्हता. डोक्याला रुमाल बांधला, बादली घेतली आणि निघाले.

रिकामीवर धुकं होतं. रस्त्याकडेला एकही गाडी दिसेना, म्हणून मी सुस्कारा टाकला. पुढे बघते तो काय, झुडपांत गाड्या! दहा गाड्या, फांद्या टाकून झाकलेल्या, जणू युद्ध सुरू आहे. अर्मासची सायकल तर खड्ड्यात आडवी घालून वर शेवाळ पसरलेलं.

मी गवतात पाऊल टाकलं. धुक्यात एक डोकं दिसलं. मग दुसरं. मग सगळीकडे डोकीच डोकी, कंबरेत वाकलेली, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे लपवलेली एक बादली!

"कोण ते?" एका डोक्यानं विचारलं. आवाज त्युनेचा होता.

"मी, इरिन्या. तू इथं काय करतेस?"

"मी? मी सारस बघायला आलेय. अर्मास, तू रे?"

"कुत्रा हरवलाय," अर्मास डबक्यातून म्हणाला.

"तुझा कुत्रा तर मेला गेल्या ईस्टरला!"

"म्हणून तर सापडत नाहीये!"

एका खुरट्या पाईनमागून ओळखीची टोपी हळूहळू खाली सरकत होती. "मीत्रेई, वर ये," मी म्हटलं. तो वर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डासांनी नाक फुगवून बटाटा केलेला.

आणि मग माझ्या लक्षात आलं. सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या होत्या! तासभर आधी येऊन ही सगळी रस्त्याकडच्या गवतातच शोधत होती. बेटाकडे कुणी फिरकलंही नव्हतं. आईचा घोडा अजून काम करत होता!

"इथं काही नाही," त्युने शेवटी कंबर धरून उभी राहिली. "एक दाणा नाही. मग तुम्ही लोक तोडता कुठं? खरं सांगा! तुम्ही सगळ्यांनी इथं खूण केलीये."

"तूही केलीस की!"

"मी थाप मारली होती!" त्युने ओरडली. "मला काय वेड लागलंय माझी खरी जागा त्या पोरीला द्यायला? जिथं काहीच उगवत नाही अशी एकच जागा ठाऊक होती, ती लिहिली."

 मग अर्मास हसायला लागला. "मी पण! मी पण थापच मारली! मला वाटलं, निदान रिकामीवर कुणी जाऊन बघणार नाही."

"मी पण!" तिसरा म्हणाला.

"मी पण!" मीत्रेई म्हणाला. "मला तर ठाऊकच नव्हतं. इरिन्यानं कधी सांगितलंय का? म्हटलं, लिहून टाकू काही तरी!"

एकेक करत अकराच्या अकरा जणांनी कबुली दिली. अख्ख्या दलदलीत हशा पिकला. आमच्याकडे प्रत्येकाला वाटतं की खोटं बोलण्याइतकी हुशारी देवानं फक्त आपल्यालाच दिली आहे, बाकीचे बिचारे भोळे. म्हणून जो तो बाकीच्या अकरांवर विश्वास ठेवून पहाटे उठून आला होता! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. कुणालाच माहीत नव्हतं. मीत्रेईलासुद्धा! त्या चिखलात बसून त्याची माफी मागावी असं वाटलं.

"आता त्या पोरीचं काय करायचं?" कुणी तरी विचारलं.

"काय करायचंय? आपापल्या ठिकाणची अर्धा अर्धा किलो नेऊन द्यायची आणि सांगायचं, रिकामीची," अर्मास म्हणाला. "पोटातल्या जिवाणूंना काय नकाशा वाचता येतो?"

सगळे रस्त्याकडे वळले. मी मागे राहून रुमाल नीट करण्याचा बहाणा केला. आणखी पाच मिनिटं, आणि ही सगळी गाड्यांत बसून जाणार होती.

तेवढ्यात त्युने थांबली.

"थांबा. अकरा झाले. बारावी कुठाय?"

सगळ्या टोप्या माझ्याकडे फिरल्या.

"इरिन्या," ती म्हणाली, "तू पण थापच मारलीस ना?"

मी रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"अगं, बोल की! तू तर कधी खोटं बोलत नाहीस म्हणतात. मग ही खूण खरी का खोटी?"

'देवाची कृपा' म्हणणार होते. शब्द ओठांपर्यंत आले. पण प्रश्न सरळ होता, आणि अकरा माणसं उत्तरासाठी थांबली होती. 'हो' एवढं एकच अक्षर! एका अक्षरात जागा वाचत होती, साडेसहा किलो वाचत होत्या, गोळ्या टळत होत्या. पण ते अक्षर तोंडातून बाहेरच येईना. 

"खरी," मी म्हटलं. स्वतःचाच आवाज मला अनोळखी वाटला. "मी थाप नाही मारली. हिल्ला त्या बेटाच्या मागे आहेत. खूप आहेत."

 एक डास अर्मासच्या कपाळावर बसला, पोटभर प्याला आणि उडून गेला.

मग त्युने एवढ्यानं हसली की बेटावरचे कावळे उडाले!

"वा गं बाई! शाब्बास! साठी ओलांडल्यावर शिकली बघा! आणि शिकली ती अशी, पट्टीच्या थापाड्यांना मागे टाकेल!"

"मी खरं सांगतेय..."

"ऐका, ऐका, वर चेहरा बघा कसा केलाय! अगं, खरी जागा असती तर तू 'थाप मारली' म्हणाली असतीस. जगात कुणी खरी जागा अशी मागितल्याबरोबर सांगतं का? आणि तुझी बादली का रिकामी?"

"मी आत्ताच आले."

"आम्हाला घोड्यापाशी पाठवतेय!" अर्मास डोळे पुसत म्हणाला. "बेटामागं! बुडू सगळे आणि हिला रान मोकळं! देवमाणूस समजत होतो तुला, इरिन्या!"

मी काय करणार? दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. जितकं सांगावं तितकं ते हसत होते.  ते गाड्यांवरच्या फांद्या काढत, माझं कौतुक करत निघून गेले. मीत्रेई म्हणाला, तू घरी जा, मी जाळी टाकून येतो तळ्यात. मी घरी आले. लगेच बेटामागं जायची सोय नव्हती. त्युने वळणावर गाडी थांबवून आरशातून बघत होती.

घरी येऊन मी प्रतिमांपुढे उभी राहिले. सत्य बोलले होते. जागा वाचली होती. पण गावभर आता मी थापाडी! आणि खरं सांगू का, ते बेटामागं गेले नाहीत तेव्हा मला जो आनंद झाला, तो काही फार पवित्र नव्हता. दिवा लावला, कॉफी ठेवली आणि उद्या पहाटे कोणत्या वाटेनं जायचं ते ठरवत बसले.

दुपारी एक वाजता दार उघडलं. मीत्रेई आत आला. कंबरेपर्यंत चिखल, नाकाचा बटाट्यावरून भोपळा झालेला, आणि दोन्ही हातांत दोन बादल्या. त्यानं त्या टेबलावर ठेवल्या. काठोकाठ, नारिंगी, पिकलेल्या, एकही कच्ची नाही!

"कुठून आणल्यास?" मी कॉफीचा कप खाली ठेवत विचारलं.

"कुठून म्हणजे?" तो टोपी काढत म्हणाला. "तूच तर सांगितलंस. बेटाच्या मागे."

चाळीस वर्षं मी या माणसाला सांगत आले. बूट दाराबाहेर काढ. ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नकोस. सॉनाची चूल पेटवायला माझी प्रार्थनेची वही फाडू नकोस. एकदा, एकदा तरी ऐकावं! नाही. आणि अख्खं गाव हसत असताना, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, यानं माझं ऐकलं.

"छान जागा आहे," तो म्हणाला आणि चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघरात येऊन माझ्यासाठी दीडशे ग्रॅम मोजायला लागला. "माझ्या बहिणीला सांगू का गं? घरचीच आहे."